जावईबापूंचा बाजार आणि आमचा भिशीचा डबा

माझ्या जावयाने रसायनीच्या कारखान्यातली नोकरी सोडून शेअर बाजाराचा अभ्यास धरला, हे मुलीने मला वर्षभराने सांगितलं. तोवर मी दर सणाला त्यांना विचारायचे, "काय जावईबापू, कंपनीत सगळं ठीक?" आणि ते म्हणायचे, "हो आई, ठीक." खोटं बोलत नव्हते. कंपनीत सगळं ठीकच होतं. फक्त हे तिथे नव्हते.

मी चौथी शिकलेली. पुढची शाळा खोपोलीला होती आणि घरात म्हशी होत्या, म्हणून शिक्षण संपलं. त्याचं मला फार दुःख झालं असं नाही. तेव्हा पुढे मी जे लिहीन त्यात शास्त्राची काही चूक निघाली तर ती जावईबापूंची धरावी. त्यांनी जे सांगितलं तेच मी सांगते आहे.

तर ते सांगत ते असं. बाजार सरळ रेषेत चालत नाही. तो ढगासारखा, किनाऱ्यासारखा, झाडाच्या फांद्यांसारखा वाकडातिकडा असतो. पण त्या वाकडेपणाला एक वळण असतं. मोठ्या आकृतीचा लहान तुकडा काढला तर तो मोठ्यासारखाच दिसतो. त्याचा आणखी लहान तुकडा काढला तरी तसाच. याला फ्रॅक्टल म्हणतात. आणि दुसरी गोष्ट म्हणजे केऑस. सुरुवातीला केसाएवढा फरक पडला, तर पुढे जाऊन त्याचा डोंगराएवढा फरक होतो. कुठेतरी फुलपाखराने पंख हलवले की दुसऱ्या देशात वादळ येऊ शकतं.

मी म्हटलं, "आमच्या परसात पावसाळ्यात इतकी फुलपाखरं असतात, जावईबापू, की परदेशात कुणाच्या घरावर छप्पर राहायला नको."

"तसं नाही, आई."

शिकलेल्या माणसाशी बोलताना हे नेहमी होतं. आधी सांगतात असं आहे. आपण तसंच धरून बोललो की म्हणतात तसं नाही.

ते दर रविवारी कर्जतला क्लास घेत. हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल भाड्याने घेतला होता. एका रविवारी मुलगी मला म्हणाली, "आई, तूपण ये. खुर्च्या रिकाम्या दिसतात." म्हणजे मला शिकायला बोलावलं नव्हतं, खुर्ची भरायला बोलावलं होतं. मी गेले. शेवटच्या रांगेत बसले. पुढे तीन-चार रिटायर झालेले लोक होते, दोन नेरळची पोरं होती, आणि एक डॉक्टरांची बायको होती जी सगळा वेळ मोबाइलवर साड्या बघत होती.

जावईबापूंनी पडद्यावर तीन चित्रं दाखवली. उंदराने कुरतडलेल्या कापडाच्या कडेसारख्या तीन रेघा. म्हणाले, यातली एक एका दिवसाची आहे, एक एका वर्षाची आणि एक दहा वर्षांची. ओळखा कुठली कुठली. कुणालाच ओळखता आलं नाही. जावईबापूंना फार आनंद झाला. मलाही ओळखता आलं नाही, पण एकच रेघ दाखवली असती तरी मला ओळखता आली नसती, म्हणून मी त्याचं काही मनावर घेतलं नाही.

मग त्यांनी सांगितलं की जुन्या पुस्तकांत लिहिलं होतं, बाजार फार मोठा पडणं ही शंभर वर्षांतून एकदा होणारी गोष्ट. पण फ्रॅक्टलवाल्यांनी दाखवून दिलं की मोठी पडझड लोकांना वाटतं त्यापेक्षा पुष्कळ वेळा येते. आणि लहानशा चुकीची पुढे मोठी चूक होते, म्हणून उद्याचं कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. हे मला पटलं. मान हलवण्यासारखंच होतं ते.

मग चहा झाला.

चहानंतर जावईबापूंनी त्याच रेघांवर लाल आणि हिरवे त्रिकोण काढले आणि पुढच्या आठवड्यात बाजार कुठून कुठे जाणार ते सांगायला लागले. मंगळवारपर्यंत इतका वर, गुरुवारी थोडा खाली, मग पुन्हा वर. सगळे लिहून घेत होते. चहाआधी जे कुणालाच सांगता येत नव्हतं ते चहानंतर ह्यांना सांगता येत होतं. चहात काय घातलं होतं ते मी मुलीला विचारणार होते, पण ती कप गोळा करत होती आणि तिचा चेहरा बघून मीही कप उचलायला लागले.

परत येताना टमटममध्ये मी तिला विचारलं, "जावईबापूंचा फंड होता ना गं कंपनीचा?"

"होता."

"होता म्हणजे?"

"मोठी पडझड आली, आई."

"ती येते असं तेच सांगत होते ना आता?"

"सांगतात." आणि ती बाहेर बघायला लागली. तिच्या पगारावर घर चाललं होतं, हे मला तेव्हा कळलं.

आता आमच्या भिशीचं सांगते. आमच्या आळीतल्या बायकांची भिशी आहे आणि ती माझ्याकडे असते. दर महिन्याला प्रत्येकीने ठरलेले पैसे द्यायचे, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, एक काढायची. जिचं नाव निघेल तिला त्या महिन्याचे सगळे पैसे. त्या महिन्यात भिशी माझ्या शेजारणीला लागली. ही बाई विधवा, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. डोंगराच्या बाजूला मुंबईकरांचे बंगले झालेत, तिथे ती भांडी घासायला आणि भाकऱ्या भाजायला जाते. शनिवार-रविवारी पाहुणे रात्री उशिरापर्यंत पितात आणि सकाळी हिने येऊन सगळं उचलायचं. तिला ते सोडायचं होतं. तांदळाच्या पिठाची चक्की घालायची होती. बंगल्यांना भाकरी हवी असते आणि चांगलं पीठ मिळत नाही, हे तिने बघून ठेवलं होतं. खोपोलीच्या चक्कीवाल्याशी बोलणं झालं होतं. भिशीचे पैसे आगाऊ म्हणून द्यायचे आणि बाकीचे हप्त्याने. पैसे सगळ्यांकडून जमा व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर ते माझ्या कपाटात.

आणि नेमका तेव्हाच धोंड्याचा महिना आला.

अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खायला घालायचे, दिवा आणि वाण द्यायचं. त्या महिन्यात मुलगी-जावई म्हणजे लक्ष्मी-नारायण. नारायणाने नोकरी सोडलेली असली तरी नारायणच. आणि त्या दिवशी त्याने काही मागितलं तर तोंडावर नाही म्हणायचं नसतं. मी उभ्या आयुष्यात कुणाला फार गोड बोलले नाही, पण जावयापुढे मीसुद्धा डोक्यावरून पदर घेऊन "तुम्ही, तुम्ही" करते. करावं लागतं. मुलगी त्यांच्या घरी असते.

धोंडे करायला भिशीच्या बायका मदतीला आल्या होत्या. शेजारीण पुरण वाटत होती. मी भाजीसाठी फ्लॉवर काढून ठेवला होता. जावईबापू स्वयंपाकघराच्या दारात आले, फ्लॉवर उचलला आणि त्याचा एक तुरा तोडला.

"मावश्यांनो, हा तुकडा बघा. पूर्ण फ्लॉवरसारखाच दिसतो की नाही?"

"दिसतो," बायका म्हणाल्या.

त्यांनी त्याचा आणखी लहान तुरा तोडला. "आता हा?"

"हापन दिसतो."

"बस! हेच फ्रॅक्टल. हाच बाजार."

शेजारीण म्हणाली, "मग त्यात अळी असंल तर तीपन बारीक बारीक होत जाते का वं?"

बायका इतक्या हसल्या की एकीच्या हातातला धोंडा परातीत पडला. जावईबापूही हसले. मनाने वाईट माणूस नाही तो. वाईट असता तर सोपं झालं असतं.

जेवणं झाली. मी दिवा, वाण, टॉवेल-टोपी पुढे केली. त्यांनी कुंकू लावून घेतलं आणि म्हणाले, "आई, मला हे काही नको. तुमच्याकडे भिशीचे पैसे आहेत ना? ते थोडे दिवस माझ्याकडे द्या. पद्धत माझ्याकडे तयार आहे, फक्त भांडवल नाही. आणि लहान रकमेत जे होतं तेच मोठ्या रकमेत होतं. मावशीचे पैसे दुपटीने परत देतो."

शेजारीण हातातला तांब्या तसाच धरून उभी राहिली. दुप्पट म्हणजे हप्ते नकोत, चक्की एकदम रोख. मी मुलीकडे बघितलं. ती म्हणणार "आई, देऊ नकोस," असं मला वाटलं. ती हळूच म्हणाली, "आई, बघ ना. एकदा जमलं तर ते पुन्हा माणसांत येतील."

मला हो म्हणता येत नव्हतं, कारण पैसे माझे नव्हते. आणि नाही म्हणता येत नव्हतं, कारण समोर पाटावर नारायण बसला होता.

आमच्यातली एक म्हातारी मधे पडली. म्हणाली, "जावईबापू, आमी बाया अडानी. आमाला आधी दाखवा. रोज सकाळी सांगायचं, बाजार वर जानार का खाली. बघू तुमचं खरं होतंय का."

"बघा की," जावईबापू म्हणाले.

"आनि आमी डब्यातनं चिठ्ठी काढू. एक वरची, एक खालची. जिंकलात तर पैसे तुमचे."

हे तिने थट्टेने म्हटलं होतं. पण आमच्याकडे कुठलीही गोष्ट अडली की डब्यातून चिठ्ठी काढायची सवयच आहे. देवीच्या ओटीचा मान कुणाचा, नळाचं पाणी आधी कुणी भरायचं, सगळं डब्यातून. म्हणून ते ठरूनच गेलं. जावईबापूंनी तिथल्या तिथे बायकांचा व्हॉट्सॅप ग्रुप केला. ग्रुपला नाव दिलं आणि वर एका फर्नचं चित्र लावलं, आमच्या ओढ्याला उगवतं तसलं.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. बाजार सव्वानऊला उघडतो. त्याआधी जावईबापूंचा लांबलचक मेसेज यायचा. त्रिकोण, बाण, आणि शेवटी वर किंवा खाली. शेजारीण भांड्यांना जाण्याआधी माझ्याकडे यायची, डोळे मिटून डब्यात हात घालायची आणि एक चिठ्ठी काढायची. संध्याकाळी कुणाचा तरी मुलगा फोनवर बघून सांगायचा काय झालं ते.

जावईबापू बरोबर यायचे आणि चुकायचे. डबाही बरोबर यायचा आणि चुकायचा. पण आठवड्याच्या शेवटी डबा पुढे निघाला. फार नाही, थोडासाच.

जावईबापूंनी ग्रुपवर लिहिलं, "हा निव्वळ योगायोग आहे."

म्हातारीने बोलून मेसेज पाठवला, "आनि तुमचं वं काय हाय?"

मला वाटलं, आता संपलं. बायका हसतील, जावईबापू रुसतील, शेजारीण पैसे घेऊन खोपोलीला जाईल. पण मी माणसांना अजून ओळखत नाही. झालं उलटंच. बायकांचा जावईबापूंवरचा विश्वास गेला आणि डब्यावर बसला. एकीने डब्याला हळदकुंकू लावलं. दुसरीने विचारलं, सुनेला मुलगा होईल का मुलगी ते डब्याला विचारू का. मी तिला सांगितलं, "डब्यात पूर्वी क्रीमची बिस्किटं होती. आता त्यात कागद हाय. मधल्या काळात त्यात कोन येऊन राहिलं नाय." तिने वाईट मानलं.

आणि शेजारीण एका सकाळी माझ्याकडे आली ती नवी साडी नेसून.

"काकी, मी ठरवलंय. माझे भिशीचे पैसे जावईबापूंकडं लावा."

"ते चुकतात, तू रोज बघतेस ना?"

"ते चुकतात. डबा नाय चुकत. आज डब्यात वर आलं तर लावा म्हनावं, खाली आलं तर ठेवा."

"काल डबा चुकलाय."

"म्हनून तर आज नाय चुकनार."

मी म्हटलं, "अगं, चक्कीवाला थांबलाय. उद्या तो दुसऱ्याला देईल."

"काकी, तुमाला काय जातंय? तुमच्या नवऱ्याची पेन्शन येते. मला उद्या शनिवार हाय. बंगल्यावर पंधरा मानसं येनार हायत. त्यांची उलटी मी पुसू का तुमी पुसाल?"

पैसे तिचे होते. भिशी लागली त्या दिवसापासून ते तिचेच. मी कपाटातून पुडकं काढून तिच्यापुढे ठेवलं आणि शेजारी डबा ठेवला. तिने हात जोडले. मी म्हटलं, "जोडतेस कुनाला? काढायची ती काढ."

तेवढ्यात माझा फोन वाजला. मला कमी ऐकू येतं, म्हणून मी नेहमी मोठ्या आवाजावर लावते. अख्ख्या घराला ऐकू जातं.

"आई," जावईबापू म्हणाले, "डब्यातून काय निघालं?"

मला आधी वाटलं चेष्टा करतायत. "म्हनजे?"

"आई, वेळ नाही, बाजार उघडतोय. माझ्या चार्टवर आज दोन्ही बाजू दिसतायत. वर पण दिसतंय, खाली पण दिसतंय. डब्याचं काय आलंय तेवढं सांगा, मग मी घेतो. मी त्यावर विचार केलाय. यादृच्छिक गोष्टीतसुद्धा एक सूक्ष्म क्रम असतो..."

शेजारणीचा हात डब्याच्या तोंडावर होता. तो तिथेच थांबला. तिने माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे. तिचं तोंड असं झालं जसं बंगल्याच्या बाथरूमचं दार उघडल्यावर होत असणार.

"काकी," ती म्हणाली, "हे आपल्या डब्याला विचारतायत?"

"ऐकतेस ना."

"आनि आपन त्यांच्याकडं पैसे देनार?"

"तू देनार होतीस. मी नाय."

"आई? हॅलो? आवाज येतोय का?" फोनमधून.

शेजारणीने डब्यावरून हात काढला, पदराला पुसला आणि पुडकं उचललं. "मी चालले. साडेनऊच्या एसटीनं खोपोलीला जाते. बंगल्यावर कोनी विचारलं तर सांगा ताप आलाय."

ती गेल्यावर मी फोन हातात घेतला. पदर खांद्यावर होता, तो डोक्यावर घ्यायचं मला सुचलं नाही. म्हटलं, "जावईबापू, चिठ्ठी काढली नाय आनि काढनारपन नाय."

"आई, एक चिठ्ठी तर आहे!"

"मग तुमच्या घरात कागद नाय का? फाडा दोन तुकडे."

फोन बंद झाला. सव्वानऊ वाजले असणार.

त्या दिवशी बाजार वर गेला. थोडा नाही, बराच. संध्याकाळी ग्रुपवर मेसेज येत राहिले आणि बायका हळहळल्या. जावईबापू तोवर ग्रुपमधून निघून गेले होते. फर्नचं चित्र मात्र अजून आहे, काढायचं कसं ते कुणाला येत नाही.

दिवाळीला मुलगी एकटी आली. फराळ पुढे ठेवला तरी हात लावेना. शेवटी म्हणाली, "तू त्यांना असं बोलायला नको होतंस. त्यांनी खरंच दोन तुकडे केले, आई. टेबलावर बसून, पेनने लिहून. मी चहा घेऊन गेले तेव्हा बघितलं."

"काय निघालं?"

"खाली."

मी फराळाचं ताट तिच्याकडे आणखी सरकवलं. मग तिनेच सांगितलं की त्यांनी अंबरनाथला एका कंपनीत अर्ज टाकलाय, पण क्लास सोडलेला नाही. क्लासमध्ये आता ते आमच्या डब्याची गोष्ट सांगतात. ग्रामीण भागातला प्रयोग म्हणून. चहानंतर सांगतात का चहाआधी, ते मी विचारलं नाही. जाताना तिने पिशवीत शेव भरून घेतली, त्यांना आवडते म्हणून. माझ्याशी नीट बोलायला लागली ती त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, आणि अजूनही त्या सकाळचा विषय निघाला की उठून आत जाते.

चक्की आली. माझ्या भिंतीला लागून तिचं छप्पर आहे, तिथे बसवली. संध्याकाळी वीज कमी दाबाने येते तेव्हा मोटर उचलत नाही आणि ही बाई माझ्या खिडकीतून विजेच्या ऑफिसला शिव्या घालते. सुरू झाली की माझ्या मांडणीवरची भांडी हलतात. दोन कप फुटले. मी भांडायला गेले तेव्हा ती डोक्यापासून पायापर्यंत पांढरी होऊन बसली होती आणि दारात पिशव्या घेऊन बायका उभ्या होत्या. त्यांतली म्हातारी तिला चिडवत होती.

"त्या दिवशी लावले असतेस तर आज दोन चक्क्या झाल्या असत्या गं तुझ्या."

"एक चालवताना कंबर मोडलीय माझी," शेजारीण म्हणाली. "दुसरी कोन चालवनार, तू? सरक बाजूला, उजेड अडवू नको."

कपांचे पैसे तिने दिले नाहीत.